नवख्यांचं टेबल

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलाशी पहिल्यांदा बसलेला माणूस 'यात जिंकतं कोण?' असं हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. बुद्धिबळात राजा अडकतो, कॅरममध्ये राणी घेतली जाते, ल्यूडोत चारही सोंगट्या घरी पोचतात. इथे असा शेवट नसतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण जगाची बाजू सांभाळतो आणि बाकीचे प्रत्येकी एका पात्राची. जग सांभाळणारा सांगतो की तुमच्यासमोर काय आहे. बाकीचे सांगतात की आपलं पात्र काय करतं. ज्या गोष्टीचा निकाल कुणालाच खात्रीने सांगता येत नाही तिथे फासा पडतो. जिंकणं-हरणं गोष्टीतल्या माणसांच्या वाट्याला येतं, आणि टेबलाशी बसलेले सगळे मिळून ती गोष्ट घडवतात.

जग सांभाळणाऱ्याला डंजन मास्टर किंवा गेम मास्टर म्हणतात. आपल्याकडचे खेळाडू थोडक्यात 'डीएम' म्हणतात. हे प्रकरण त्या डीएमसाठी आहे, आणि तेही एकाच प्रसंगासाठी: टेबलाभोवतीच्या कुणीही हा खेळ आधी पाहिलेला नाही अशा संध्याकाळसाठी. माझं सांगणं असं की त्या संध्याकाळी नियम शिकवायला बसू नका, थेट खेळायला बसवा. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक नवख्याला एकदा तरी जाणवलं पाहिजे की आपण बोललो आणि त्यामुळे गोष्टीला वळण मिळालं. ते एकदा जाणवलं की नियम लोक स्वतःहून विचारतात, आणि विचारून घेतलेला नियम लक्षातही राहतो.

हा खेळ नवख्यांच्याच टेबलावर जन्मला, म्हणून त्याची कुळकथा डीएमला माहीत असावी. ती प्रशियाच्या लष्करापासून सुरू होते. 1824 मध्ये गेऑर्ग फॉन राइसविट्झ या तरुण लेफ्टनंटने वडिलांच्या कल्पनेवर काम करून एक युद्धखेळ तयार केला. त्यात नकाशा होता, पलटणींच्या सोंगट्या होत्या, फासे होते आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच होता. खेळणारे अधिकारी आपले हुकूम पंचाला कळवत. पंच कोष्टकं पाहून, फासे टाकून परिणाम ठरवी. पुढे ही कोष्टकं इतकी वाढली की पंच व्हायला कुणी धजेना. 1876 मध्ये यूलियुस फॉन फेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीने एका पुस्तिकेत ही अडचण मांडली आणि कोष्टकं बाजूला ठेवून अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निर्णय द्यावा असं सुचवलं. नियमांच्या ओझ्याखाली नवे लोक या खेळापासून लांब राहतात, हे त्याने ओळखलं होतं. तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे आणि आजही जशीच्या तशी लागू पडते.

चार वर्षांनी, 1880 मध्ये, चार्ल्स टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचं 'स्ट्रॅटेगोस' हे युद्धखेळाचं पुस्तक आलं. ते मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती पडलं. खेळाडूने मनात येईल ते करून पाहावं आणि ते जमलं की नाही हे पंचाने ठरवावं, ही त्यातली कल्पना वेस्लीने उचलली. 1969 मध्ये त्याने मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या आपल्या मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातला एक खेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि त्याच्याकडे चालून येणारी दोन सैन्यं. खेळायला मात्र अपेक्षेपेक्षा बरीच जास्त मंडळी आली. मग वेस्लीने सेनापतींखेरीज उरलेल्यांना गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. आणि सगळंच हाताबाहेर गेलं. मंडळी खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन आपापसात कारस्थानं शिजवू लागली, एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान देऊ लागली, आणि ज्या लढाईसाठी हा घाट घातला होता ती झालीच नाही. वेस्लीला वाटलं, खेळ पुरता फसला. खेळाडू मात्र विचारत होते, पुढचा कधी?

त्या संध्याकाळी कुणाला नियम येत नव्हते, कारण त्या प्रकारच्या खेळाला नियमच नव्हते. प्रत्येकाकडे एक नाव, एक पद आणि एक इच्छा होती. नवख्यांना खेळवणाऱ्याने ब्राउनश्टाइनची ही संध्याकाळ सतत मनात ठेवावी असं मला वाटतं.

वेस्लीच्या त्या गटातच डेव्ह आर्नेसन होता. 1971 च्या सुमारास त्याने 'ब्लॅकमूर' नावाचं आपलं काल्पनिक राज्य मांडलं आणि खेळाडूंना तिथल्या किल्ल्याच्या तळघरांत उतरवलं. 1972 च्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी जाऊन त्याने तो खेळ गॅरी गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांनी लगेच स्वतःचा एक ओसाड किल्ला रचला. त्यात पहिल्यांदा उतरले ते त्यांचेच मुलगा-मुलगी, एर्नी आणि एलिस. म्हणजे ज्या खेळाने पुढे जग व्यापलं, त्याच्या पहिल्या परीक्षकांत दोन शाळकरी मुलं होती. जानेवारी 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा पहिला संच निघाला. किंमत 10 डॉलर, प्रती 1000.

त्या पुस्तिका वाचून खेळ शिकणं फार अवघड होतं. वाचणाऱ्याला युद्धखेळ आधीच येतात, असं लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यामुळे सुरुवातीला खेळ पसरला तो मुख्यतः एकाने दुसऱ्याला खेळवून. ही अडचण जे. एरिक होम्स यांनी हेरली. ते व्यवसायाने मेंदूविकारतज्ज्ञ आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. नवशिक्यांसाठी सोपं पुस्तक मी लिहून देतो, असं त्यांनी स्वतःहून खेळ काढणाऱ्या कंपनीला कळवलं आणि 1977 मध्ये पहिला 'बेसिक' संच निघाला. सहा वर्षांनी फ्रँक मेंट्झर यांनी त्याहून धीट पाऊल टाकलं. 1983 च्या त्यांच्या लाल पेटीतलं खेळाडूंचं पुस्तक थेट एका गोष्टीने सुरू होतं: तुम्ही एक योद्धा आहात आणि एका गुहेकडे निघाला आहात. वाटेत साप भेटतो, अलीना नावाची धर्मसेविका भेटते, तिच्याशी मैत्री होते, आणि बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारून टाकतो. फासा कसा टाकायचा, जखम कशी मोजायची हे वाचणाऱ्याला त्या ओघात कळत जातं. त्या पेटीवर वाढलेल्या पिढीला नियम कदाचित आठवणार नाहीत, पण अलीनाचा मृत्यू आठवतो. नवख्यांना कसं शिकवावं याचा इतका चांगला धडा या खेळाच्या छापील साहित्यात मला दुसरा सापडलेला नाही.

आता आपल्या टेबलाकडे येऊ. खेळाडू तीन किंवा चार असावेत. पाच चालतील, सहा नकोत, कारण सहा जणांत प्रत्येकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की नवखा माणूस मोबाइल काढून बसतो. वेळ तीन तास, मध्ये चहा. खर्च जवळजवळ काही नाही: पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज प्रकाशकांनी जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला केला आहे. फासे मोबाइलवरही टाकता येतात, तरी वीस बाजूंचा एक खरा फासा प्रत्येकाच्या हाती द्याच. तो हातात घोळवण्यात आणि टेबलावर गडगडताना बघण्यात अर्धी मजा आहे.

पात्रं तयार असावीत. याबाबत मी ठाम आहे. नियमांच्या पुस्तकातून पात्र घडवायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो. नवख्याला तर ज्या गोष्टींचा अर्थच माहीत नाही त्यातून निवड करावी लागते, आणि पहिली संध्याकाळ कागद भरण्यातच जाते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आलेल्या 'स्टार्टर सेट'मध्ये पाच तयार पात्रं दिली होती: दोन लढवय्ये, एक पुजारी, एक जादूगार आणि एक चोर. तशीच चार-पाच पात्रं अर्ध्या पानावर लिहून ठेवा, आणि तीही मराठीत. सहा गुणांना ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असं म्हटलं तर कुणालाही कळतं. त्याखाली हे पात्र कशात पटाईत आहे त्या तीन गोष्टी, दोन हत्यारं, जादू असेल तर दोन मंत्र. बाकीचं तुमच्या वहीत ठेवा. पात्राचं नाव मात्र खेळाडूलाच ठेवू द्या आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: तुला कशाची हाव आहे, आणि शेजारच्या पात्राशी तुझी ओळख कशी झाली? ब्राउनश्टाइनच्या नगराध्यक्षाकडे जे होतं ते एवढ्याने तुमच्या खेळाडूंकडेही येतं.

खेळ सुरू होण्यापूर्वी एक छोटं बोलणं करून घ्या, टाळू नका. कल्पनेतल्या गोष्टीनेही माणूस दुखावतो. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झालेला असतो, कुणाला लहान मुलांवरचे अत्याचार ऐकवत नाहीत, कुणाला जातीवरून अपमान झालेला गोष्टीतही नको असतो. रॉन एडवर्ड्स यांनी सुचवलेली रीत सोपी आहे. काही विषय गोष्टीत येणारच नाहीत, आणि काही आले तरी पडद्याआड, तपशिलाशिवाय येतील, असं आधीच ठरवून घ्यायचं. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी त्याला आणखी एक साधन जोडलं. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की चालू असलेला प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. वयाने किंवा नात्याने मोठी माणसं टेबलाशी असली तर आपल्याकडे 'हे नको' असं तोंडाने म्हणणं अनेकांना जमत नाही. कार्डाला बोट लावणं जमतं.

मग पहिला प्रसंग. जगाचा इतिहास, देवांची नावं, राज्यांच्या सीमा यातलं काही सांगू नका. स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' हे साहस कसं उघडतं ते पाहा. पात्रं सामानाची गाडी घेऊन एका खाणगावाकडे निघाली आहेत. जंगलातून जाणाऱ्या वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले. झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे बुटके लुटारू राक्षस, दबा धरून बसलेत, पण ते अजून कुणाला दिसलेले नाहीत. सांगायला चार वाक्यं पुरतात. तेवढी सांगा, एकेकाकडे बघा आणि विचारा: तू काय करतेस? टेबलावर शेजारचे काका असतील तर, काका, तुम्ही काय करता?

आणि मग थांबा. ही शांतता पहिल्या वेळी डीएमला असह्य होते आणि तो घाईने पर्याय मोजून दाखवू लागतो. थोडा धीर धरा. नवखा माणूस मनात चाचपडत असतो की इथे काय बोललेलं चालतं. बहुतेक वेळा तो काहीतरी अगदी साधं बोलतो, आणि ते साधंच मोलाचं असतं. समजा, एकीने म्हटलं:

'मी घोड्याला हात लावून बघते. अंग अजून गरम आहे का?'

नियमांच्या पुस्तकात या कृतीला नाव नाही. मुरलेला खेळाडू 'तपासाचा फासा टाकू का?' असं विचारतो, तिने मात्र खरोखर त्या वाटेवर उभं राहून विचार केला आहे. तिला फासा टाकायला लावू नका, सरळ उत्तर द्या: 'गार पडलाय. मरून साधारण एक दिवस झाला असावा. आणि जीनला लटकवलेल्या पिशव्या कुणीतरी उसकटून रिकाम्या केल्यात.' मग दुसरा म्हणतो, 'म्हणजे लुटारू आहेत. मी गाडीच्या आडोशाला जातो.' गोष्ट हलली. आडोशाला गेलेल्याला पुढच्या बाणाचा नेम चुकवणं सोपं जाईल हे लगेच सांगा, म्हणजे आपल्या शब्दाचा उपयोग झाला हे त्याला दिसेल.

कुणाला काहीच सुचलं नाही तर दोन-तीन वाटा दाखवायला हरकत नाही: 'झाडीकडे बघता येईल, गाडी मागे घेता येईल, कुणाला तरी हाक मारून बघता येईल, किंवा तुझ्या मनात आणखी काही असेल तर ते.' शेवटचं वाक्य गाळू नका. या खेळाचं सगळं वेगळेपण त्यात आहे. संगणकावरच्या खेळात दिलेल्या बटणांपलीकडे काही करता येत नाही, इथे करता येतं. हे नवख्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो, म्हणून संधी मिळेल तेव्हा ते दाखवून द्यायचं.

फासा कधी टाकायचा? गोष्ट जमेल की नाही याची खरोखर शंका असेल, आणि जमलं काय किंवा फसलं काय, दोन्हींतून काहीतरी घडणार असेल, तेव्हाच. उघडं दार उघडायला फासा नको. हातात कितीही वेळ आहे, कुणी पाठलाग करत नाही, तर साधं कुलूप उघडायलाही नको. नियम एकच सांगा: वीस बाजूंचा फासा टाक, कागदावरचा आकडा मिळव, मी मनात धरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं तर जमलं. सोप्या कामाला 10, मध्यमाला 15, अवघडाला 20. लढाईतही हाच फासा आणि हीच बेरीज, फक्त समोरच्याच्या चिलखताचा आकडा गाठायचा.

या आकड्यांमागचं गणित डीएमने एकदा करून बघावं. मध्यम काम म्हणजे 15. पात्राचा आकडा 3 असेल तर फाशावर 12 किंवा जास्त यायला हवं. वीसपैकी 9 बाजू अशा आहेत, म्हणजे यशाची शक्यता 45 टक्के. निम्म्याहूनही कमी. अशा कामात सलग तीनदा अपयश येण्याची शक्यता साधारण सहात एक. टेबलावर चार जण असतील आणि प्रत्येकाने असा फासा तीनदा टाकला, तर कुणातरी एकाला तिन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या थोडी वर जाते. त्या बिचाऱ्याला वाटतं, हा खेळ आपल्याला जमत नाही. त्याचा काही दोष नसतो. डीएमने दोन गोष्टी कराव्यात. एक, नवख्यांसाठी बहुतेक कामं सोप्या आकड्याची ठेवावीत: 10 धरलं तर त्याच पात्राला 70 टक्के वेळा यश मिळतं. दोन, फासा फसला तरी गोष्ट अडू देऊ नये. कुलूप उघडलं नाही, इथे थांबू नका. कुलूप उघडलं, पण कडी खणकन वाजली आणि आत कुणीतरी जागं झालं, असं सांगा. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने ही कल्पना थेट नियमात बसवली. तिथे सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. आकडा मिळवून बेरीज 10 किंवा वर गेली तर पूर्ण यश, 7 ते 9 आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. कुठलाही आकडा मिळवायचा नसेल तर ही मधली पायरी 36 पैकी 15 वेळा येते. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवतानाही ती उसनी घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

रहस्यकथा खेळवत असाल तर आणखी जपा. ज्या धाग्यावाचून गोष्ट पुढे जाणार नाही तो फाशावर टांगू नका. रॉबिन लॉज यांच्या 2007 पासूनच्या 'गमशू' पद्धतीत योग्य ठिकाणी शोधणाऱ्याला महत्त्वाचा धागा मिळतोच. जस्टिन अलेक्झांडर यांचा सल्लाही लक्षात ठेवण्याजोगा आहे: खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल तर त्याच्याकडे नेणारे निदान तीन धागे पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, एकाचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा कामी येईल.

तयारी किती करावी? सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावतारी मंडळींकडे बघावं. त्यांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आजच्या आख्यानाची रूपरेषा ठरते, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि रंगमंचावर संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे असतात. डीएमची तयारी तशी हवी: कुणाला काय हवंय, कोण कुठे आहे, पात्रं आली नाहीत तर काय घडेल. संवाद आणि शेवट लिहून ठेवाल तर खेळाडूंना त्या शेवटाकडे ढकलत न्यावंसं वाटेल, आणि ढकललं जातंय हे नवख्याच्याही चटकन लक्षात येतं.

लढाई हा पहिल्या संध्याकाळचा सर्वांत धोक्याचा भाग. फँडेल्व्हरमधले ते चार गॉब्लिन कागदावर किरकोळ दिसतात. पण गॉब्लिनचा एक बाण लागला की सहा बाजूंचा फासा अधिक 2, म्हणजे 3 ते 8 इतकी जखम होते, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराची सगळी जीवनशक्ती साधारण तेवढीच असते. दोन बाण नीट लागले तर ज्याने पहिल्यांदा फासा हाती घेतला तो पहिल्याच लढाईत आडवा. नियमांत त्यावर उपाय आहे: शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही, बेशुद्ध पडतं. मग दर पाळीला फासा पडतो, 10 किंवा वर आलं तर यश, आणि तीन अपयशांच्या आत तीन यशं मिळाली तर जीव वाचतो. साहसाच्या लेखकांनीही एक समंजस सोय केली आहे. गॉब्लिन जिंकलेच तर ते पात्रांना मारत नाहीत, बेशुद्ध सोडून सामान लुटून गुहेकडे निघून जातात. ही सोय मला फार आवडते. हरल्यावरही खेळ चालू राहतो, आणि आता लुटारूंच्या मागे जायला पात्रांकडे स्वतःचं कारण असतं. नवख्यांसाठी मी चाराचे दोन किंवा तीन गॉब्लिन करायला सांगेन, आणि अर्धे पडले की उरलेल्यांना पळू द्या. पळणाऱ्याला धरून प्रश्न विचारता येतात, त्यातून खेळ बोलण्याकडे वळतो. लढाईतल्या कृतींचे सगळे प्रकार पहिल्या दिवशी सांगू नका. पाळी आली की हलता येतं आणि एक काम करता येतं, एवढं पुरे.

2015 मध्ये हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळून दाखवणारा 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात खेळणारी मंडळी आवाजाचा अभिनय करणारे व्यावसायिक कलाकार आहेत. त्यांनी या खेळाकडे असंख्य लोक आणले, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण ते पाहून आलेला नवखा धास्तावलेलाही असतो: मला असे आवाज काढता येणार नाहीत. त्याला सुरुवातीलाच सांगा की 'मी पहारेकऱ्याला गोड बोलून गुंतवून ठेवतो' एवढं म्हटलं तरी पुरतं. तो पहारेकऱ्याशी काय बोलतो ते पात्राच्या तोंडून बोलायची त्याला इच्छा झाली तर उत्तम, नाही झाली तरी त्याचा खेळ कुठे उणा पडत नाही. तुम्ही स्वतः मात्र गावकऱ्यांच्या, गॉब्लिनच्या तोंडून मराठीत मोकळेपणाने बोला. यजमान मोकळा असला की पाहुणे सैलावतात. मूळ नियम इंग्रजीत आहेत म्हणून गोष्टही इंग्रजीत सांगायचा खटाटोप करू नका. घाबरलेला माणूस ज्या भाषेत ओरडतो त्याच भाषेत पात्र ओरडलं पाहिजे.

टेबलावर एखादा गप्प बसणारा असतोच. त्याच्यावर एकदम सगळ्यांची नजर वळवली तर तो आणखी आक्रसतो. त्याच्या पात्रालाच जमेल असं काहीतरी समोर आणा: पुजाऱ्याला ओळखू येणारी खूण, चोरालाच दिसणारा सापळा. सांगताना थेट त्याच्याकडे बघून सांगा आणि बाकीच्यांना ते त्याच्याकडून कळू द्या. काही जण नुसतं ऐकायलाही येतात आणि त्यात रमतात. त्यांना रमू द्यावं.

याहून अवघड तो एकटा जाणकार, ज्याला तुम्ही मदतीला बोलावलेलं असतं. घोड्याला हात लावणाऱ्या मुलीला तो सांगतो, 'त्यापेक्षा तू धनुष्य काढ, तुझा चपळाईचा आकडा चांगला आहे.' सल्ला चुकीचा नसतो, पण त्यानंतर ती प्रत्येक पाळीला त्याच्या तोंडाकडे बघू लागते आणि तिचा खेळ संपतो. अशा मित्राला आधीच बाजूला घेऊन सांगा की आज नियम विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत आणि कुणाला काही सुचवायचं नाही. शक्यतो त्याच्याकडे कमी बोलणारं पात्र द्या, किंवा त्याला टेबलावरच घेऊ नका. नवख्यांमध्ये नवखेच असलेले बरे, कारण तेव्हा कुणी कुणाला चुकवत नाही.

तीन तास झाले की गोष्ट कुठेही असो, थांबवा, शक्य झाल्यास एखादं दार उघडलं जात असताना. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकाला विचारा की पुढे काय करावंसं वाटतंय. 'त्या गॉब्लिनच्या गुहेत जायचंय' असं कुणी म्हणालं तर पुढच्या वेळची तुमची तयारी त्यानेच करून दिली. पात्राचा कागद परत घेऊ नका, ज्याचा त्याला घरी न्यायला द्या, आणि मंडळी उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवून टाका.